मापातली दारू

अमेरिकेच्या मोन्टाना राज्यात धनुष्यबाण घेऊन हरणाच्या मागे जाणारे शिकारी छातीवर एक रिव्हॉल्वरही बांधतात. ते हरणासाठी नसतं, अस्वलासाठी असतं. त्याची काडतुसं काही जण घरीच भरतात. तिथे वन्यजीवशास्त्र शिकणाऱ्या आपल्या एका मैत्रिणीने एका गॅरेजच्या कोपऱ्यात बसून पाहिलेल्या या उद्योगाची गोष्ट.

सप्टेंबरचा पहिला आठवडा. मिझुला गावातल्या ज्या घरात मी खोली घेऊन राहते, तिथल्या गॅरेजमध्ये रात्री आठला दिवा लागतो. दिवा लागला की आत जायचं नाही, असा घरातला अलिखित नियम. अलिखित असल्यामुळे अर्थातच मला तो माहीत नव्हता. त्या रात्री मी धाडकन दार उघडलं आणि विचारलं, "वायफाय गेलंय का?"

घरमालक टेबलापाशी बसले होते. वय पंच्याहत्तरच्या पुढे. इथे सगळे त्यांना पहिल्या नावानेच हाक मारतात. अकोल्यातून आलेल्या मला ते अजूनही जमत नाही, त्यामुळे तोंडावर 'सर' आणि मनात 'आजोबा'. इथेही आजोबाच म्हणते. समोर लाकडी ठोकळ्यात पितळी पुंगळ्या ओळीने उभ्या होत्या. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, हातातल्या पुंगळीकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "राउटर बंद करून परत चालू कर." मी गेले. वायफाय आलं. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला अंगणातून टक, टक, टक असा आवाज. आजोबा एका प्लॅस्टिकच्या हातोडीसारख्या वस्तूत एकेक तयार काडतूस अडकवून काँक्रीटवर आपटत होते. प्रत्येक वेळी बुलेट सुटून बाहेर यायची आणि दारू एका वाटीत पडायची. पन्नास काडतुसं. आदल्या रात्री तीन तास बसून भरलेली सगळी.

"काय झालं?" मी विचारलं.

"काल तू दार उघडलंस तेव्हा माझ्या हातात एक पुंगळी होती. तिच्यात दारू टाकून झाली होती की टाकायची होती, ते मला नक्की आठवत नाही."

माझा चेहरा पडला. पन्नासपैकी एका पुंगळीत दुप्पट दारू पडली असेल अशी शंका, आणि ती शंका माझ्या वायफायमुळे आलेली. त्यांनी पन्नासही फोडली. प्रत्येकातली दारू तराजूवर टाकून पाहिली. पन्नासही बरोबर निघाली.

"म्हणजे सगळं वाया गेलं ना?" मी.

"वाया काय गेलं? काल रात्री मला शंका होती. आता नाही."

हात लावायचा नाही!

त्या दिवसापासून मला गॅरेजमध्ये बसायची परवानगी मिळाली. अट एकच, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचं, बोलायचं नाही आणि कशालाही हात लावायचा नाही. पहिल्या दोन अटी त्यांच्या. तिसरी अट अमेरिकन सरकारची. इथे शिकायला यायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ती लक्षात ठेवावी. अमेरिकेत ज्याच्या-त्याच्याकडे बंदूक दिसते म्हणून आपणही रेंजवर जाऊन एक सेल्फी काढावा, असं खूप जणांना वाटतं. पण विद्यार्थी व्हिसासारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही इथल्या केंद्रीय कायद्याने सर्वसाधारण बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत. माझ्याकडे तो परवाना नाही. त्यामुळे मी फक्त बघे.

अमेरिकन नागरिकाला मात्र स्वतःच्या वापरापुरती काडतुसं घरी भरायला केंद्र सरकारचं लायसन्स लागत नाही. विकायची म्हटली की लागतं. हा छंद इथे आपल्याकडच्या पापड-लोणच्यासारखा घरोघरी नसला, तरी गावात दोन-चार जण हमखास सापडतात. झाडलेली पुंगळी उचलून आणायची, तिच्या बुडातली वापरलेली प्राइमरची टिकली काढायची, पुंगळी साच्यात दाबून मूळ मापाला आणायची, नवी टिकली बसवायची, मोजून दारू घालायची, वर बुलेट बसवायची. ऐकायला सोपं आहे. सगळा खेळ 'मोजून' या शब्दात आहे.

आणि मोजायचं कशात, तर ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. आपल्या सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याच्या आसपास. आजोबांच्या टेबलावरचा तराजू ग्रेनचा दहावा भाग दाखवतो. शेजारी छापील पुस्तक उघडं असतं. त्यात कुठल्या बुलेटमागे कुठली दारू किती, याचे कोष्टकच्या कोष्टक. आजोबा पन्नास वर्षं हे काम करत आहेत, तरी प्रत्येक वेळी पान उघडतात, बोट ठेवतात, वाचतात. पाठ असेल की तुम्हाला, असं मी एकदा म्हटलं. "पाठ आहे म्हणूनच बघतो," म्हणाले.

अस्वल मधे कुठून आलं?

आता मूळ प्रश्न. धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्याला रिव्हॉल्वर कशाला हवं?

इथे सप्टेंबरमध्ये एल्कचा तिरंदाजी हंगाम सुरू होतो. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड चुलतभाऊ. नराचं वजन ३०० किलोच्या घरात. बाण मारायचा तर खूप जवळ जावं लागतं. त्यासाठी शिकारी पहाटेच्या अंधारात निघतो, झाडाझुडपांत मिसळणारे कपडे घालतो, वारा बघून चालतो, आवाज करत नाही, आणि तोंडाने एल्कच्या मादीचा आवाज काढतो.

आमच्या प्रोजेक्टमध्ये आम्ही काटेरी तारेवर अडकलेले अस्वलांचे केस गोळा करतो. त्यांच्या डीएनएवरून कुठलं अस्वल कुठे फिरलं ते कळतं. कामाला निघण्याआधी पहिल्या दिवशी आम्हाला जे शिकवतात ते असं: घोळक्याने चाला, मोठ्याने बोला, पहाटे-संध्याकाळी टाळा, अस्वलाला दचकवू नका. धनुर्धारी शिकारी यातलं प्रत्येक वाक्य उलटं करतो. शिवाय एल्कच्या मादीचा आवाज काढतो, म्हणजे ग्रिझलीला जवळजवळ जेवणाचं आमंत्रण. आणि शिकार झालीच, तर मांस कापून खांद्यावरून गाडीपर्यंत आणायला तास-दोन तास लागतात. तेवढा वेळ रक्ताचा वास दरीभर.

म्हणून बॅकअप. दोन्ही हात धनुष्यात किंवा मांसाच्या ओझ्यात गुंतलेले असताना रायफल उचलायला हात कुठून आणायचा? छातीवरचं छोटं हत्यार तेवढं उरतं. अडचण एवढीच की छोट्या हत्याराची ताकदही छोटी. १९२०-३०च्या दशकात काही हट्टी लोकांनी घरच्या टेबलावर बसून या अडचणीशी झटापट सुरू केली. त्यातला सगळ्यात हट्टी माणूस लहानपणी याच मिझुलात होता.

फुटलेलं रिव्हॉल्वर

एल्मर कीथ, जन्म १८९९. बारा वर्षांचा असताना मिझुलातल्या एका आगीत तो भयंकर भाजला. डावा हात वाकडा होऊन आखडला. तो हात पुन्हा कामाला यावा म्हणून त्याने वडिलांना बोटं मोडून सरळ बसवायला लावली, असं त्याच्या चरित्रात येतं. पुढे तो गुराखी झाला, शिकाऱ्यांचा वाटाड्या झाला, आणि शेवटी अमेरिकेतला बंदुकांवरचा सगळ्यात गाजलेला लेखक.

त्याच्या लेखनाची सुरुवात एका चुकीपासून झाली. १९२५च्या ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, तो स्वतः जोरकस भरलेली काडतुसं ४५ कोल्ट रिव्हॉल्वरमधून आनंदाने झाडत होता. रिव्हॉल्वर फुटलं. सिलिंडरचा वरचा भागच उडून गेला. हात वाचला. त्याने ते लपवलं नाही. काय भरलं होतं, काय फुटलं, हे सगळं मासिकाला लिहून कळवलं.

मग त्याने डोकं लावलं. ४५च्या सिलिंडरला सहा मोठी भोकं, त्यामुळे दोन भोकांमधल्या पोलादी भिंती पातळ. त्याच आकाराच्या सिलिंडरला ४४ची थोडी लहान भोकं पाडली तर भिंती जाड राहतात. म्हणजे जास्त दाब सोसतात. ही गोष्ट इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षातल्या कुणालाही पटेल. कीथने ४५ सोडून ४४ धरलं. पुढची पंचवीसेक वर्षं तो जड, सपाट नाकाच्या बुलेट आणि जास्त वेग यांचे प्रयोग करत राहिला, लिहीत राहिला आणि कंपन्यांच्या मागे लागत राहिला, की हे तुम्ही कारखान्यात करा.

त्याआधी १९३५मध्ये एक मोठं पाऊल पडलं होतं. फिलिप शार्प हा असाच घरी काडतुसं भरणारा लेखक आणि स्मिथ अँड वेसन कंपनीचे डग्लस वेसन यांच्या प्रयत्नांतून, विंचेस्टर कंपनीच्या मदतीने, ३५७ मॅग्नम जन्माला आलं. पहिलं रिव्हॉल्वर एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूवर यांना भेट दिलं गेलं. आणि डिसेंबर १९५५मध्ये कीथच्या हट्टाला फळ आलं. रेमिंग्टनचं काडतूस आणि स्मिथ अँड वेसनचं रिव्हॉल्वर: ४४ मॅग्नम. तुमच्या बाबांनी ते 'डर्टी हॅरी' या १९७१च्या सिनेमात क्लिंट ईस्टवूडच्या हातात पाहिलं असेल.

गंमत म्हणजे 'मॅग्नम' हे मूळ शॅम्पेनच्या दीड लिटरच्या, म्हणजे दुप्पट मापाच्या बाटलीचं नाव. इंग्रजीत ही फक्त उपमा आहे. मराठीत मात्र ती तंतोतंत बसते. एका दारूचं नाव दुसऱ्या दारूला!

साडेतीन मिलिमीटरची शहाणीव

आता थोडं फिजिक्स. अकरावीत रटलेलं सूत्र आठवा. गतिज ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. ३८ स्पेशल हे जुनं पोलिसी काडतूस. त्याची साधारण १० ग्रॅमची बुलेट सेकंदाला २३० मीटर वेगाने निघते. ऊर्जा सुमारे २७० जूल. तीच बुलेट ३५७ मॅग्नममधून सेकंदाला ३७५ मीटरने काढली तर ऊर्जा ७२० जूल. वेग दीडपटीहून थोडा जास्त वाढला, ऊर्जा मात्र अडीचपटीच्या वर गेली. वेगाचा वर्ग तो हा असा. ४४ मॅग्नम नळीच्या लांबीनुसार १,००० ते १,४०० जूलपर्यंत जातं. तुलनेला शिकारीची नेहमीची ३०-०६ रायफल ३,८०० जूलच्या आसपास असते. म्हणजे इतकं करूनही हातातलं हत्यार रायफलच्या निम्म्याला पोचत नाही. बॅकअप ते बॅकअपच.

हा वेग फुकट येत नाही. गाडीच्या टायरमध्ये ३२-३५ पीएसआय हवा असते. ३८ स्पेशलची कमाल मर्यादा १७,००० पीएसआय. ३५७ मॅग्नमची ३५,०००. ४४ची ३६,०००. म्हणजे टायरच्या हजारपट दाब, तोही तोंडापासून हातभर अंतरावर.

इथे त्या जुन्या इंजिनीअरांचं एक काम मला फार आवडलं. ३८ आणि ३५७ची बुलेट एकाच जाडीची. मग कुणी चुकून नवं जोरकस काडतूस आजोबांच्या काळच्या जुन्या रिव्हॉल्वरमध्ये घातलं तर? ते फुटणार. म्हणून त्यांनी ३५७ची पुंगळी सुमारे ३.४ मिलिमीटर लांब केली. जुन्या रिव्हॉल्वरमध्ये ती पूर्ण आत जातच नाही, सिलिंडर बंदच होत नाही. ४४च्या वेळीही हाच उपाय केला. सूचना नाही, लाल अक्षरातला इशारा नाही. चूक करायची म्हटली तरी करता येऊ नये अशी रचना. आपल्या गॅसच्या रेग्युलेटरपासून सिमकार्डच्या कापलेल्या कोपऱ्यापर्यंत हाच विचार आहे.

घरी भरणाऱ्याला मात्र हे साडेतीन मिलिमीटरचं संरक्षण पुरत नाही. दारू किती, हे त्याच्याच हातात असतं. आणि माझा समज होता की सगळ्यात धोक्याचं काडतूस म्हणजे सगळ्यात जोरकस काडतूस. आजोबांनी तो खोडून काढला. जोरकस काडतुसात सावकाश जळणारी दारू असते आणि तिने पुंगळी जवळजवळ भरून जाते. चुकून दुसऱ्यांदा टाकली तर सांडते, लगेच कळतं. पण सरावाच्या हलक्या काडतुसात झपाट्याने जळणारी दारू असते, चिमूटभर. पुंगळी अर्धीही भरत नाही. दोनदा पडली तरी वरून बुलेट आरामात बसते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. त्या रात्री आजोबा सरावाचीच काडतुसं भरत होते. वजन करूनही ही चूक हमखास पकडता येत नाही, कारण पुंगळ्या आणि बुलेट यांच्या वजनातच इतका थोडाफार फरक असतो की चिमूटभर दारू त्यात लपते. म्हणून टक, टक, टक. दुसरा इलाज नव्हता.

अजून जोरात, अजून जोरात

वेगाची ही ओढ ४४वर थांबली नाही. डिक कॅसल या बंदूक-कारागिराने १९५७मध्ये ४५४ कॅसल काढलं. २००३मध्ये स्मिथ अँड वेसनचं ५०० आलं. मग आजोबा ४४वरच का अडकले? आणि तेसुद्धा पुस्तकातल्या कमाल आकड्याच्या बऱ्यापैकी खाली?

"तरुणपणी मीही चढत गेलो," ते म्हणाले. "प्रत्येक वेळी पुस्तकातल्या शेवटच्या आकड्यापर्यंत. मग एकदा मित्राने स्टॉपवॉच लावलं. पहिली गोळी ठीक. दुसरी गोळी नेमकी मारायला मला दोन सेकंदांच्या वर लागले. हात आकाशाकडे जायचा, तो खाली आणायलाच वेळ जायचा. थोडी कमी भरली, तर तेवढ्यात तीन गोळ्या नेमक्या जायच्या."

कारण न्यूटनचा तिसरा नियम. बुलेट जितक्या जोराने पुढे, तितक्याच जोराने रिव्हॉल्वर मागे. धक्का जास्त झाला की माणूस गोळी सुटायच्या आधीच दचकायला लागतो, डोळे मिटतो, नेम ढळतो. कमी सराव करतो, कारण मनगट दुखतं. आणि कानावर काही न लावता एकच बार केला तरी ऐकू येण्यावर कायमचा परिणाम होऊ शकतो. आजोबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. वायफायचा प्रश्न मी दोनदा ओरडून विचारला होता, त्याचं कारण मला उशिरा कळलं.

याच गावातली दुसरी दारू: मिरचीची

आता गोष्टीची दुसरी बाजू. १९८०च्या दशकात याच मिझुलात, मोन्टाना विद्यापीठात, कॅरी हंट ही विद्यार्थिनी पिंजऱ्यातल्या अस्वलांवर एक प्रयोग करत होती. अस्वल चालून आलं तर त्याला न मारता मागे कसं फिरवायचं? तिने वेगवेगळे उपाय करून पाहिले. चाललं ते मिरचीच्या अर्काचं. त्यातून आजचा बेअर स्प्रे आला. त्यातलं कॅप्सेसिन तेच, जे आपल्या लवंगी मिरचीत असतं. डब्यातून लाल ढग निघतो, सात-आठ मीटरपर्यंत जातो आणि अस्वलाचे डोळे, नाक, घसा पेटतात. नेम धरावा लागत नाही, समोर भिंत उभी करायची.

टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि सहकाऱ्यांनी अलास्कातल्या नोंदी तपासल्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात १९८५ ते २००६ या काळातल्या स्प्रेच्या ८३ घटना होत्या. तपकिरी अस्वलांवर, म्हणजे ग्रिझलीच्या जातीवर, स्प्रे मारल्यावर ९२ टक्के वेळा अस्वल थांबलं. जवळच्या सामन्यात स्प्रे बाळगणाऱ्यांपैकी ९८ टक्के लोकांना इजा झाली नाही. २०१२मध्ये याच दोघांचा बंदुकांवरचा अभ्यास आला. १८८३ ते २००९ या काळातल्या २६९ घटना. त्यात हातातली छोटी हत्यारं ८४ टक्के वेळा आणि लांब नळीची ७६ टक्के वेळा कामाला आली. पण खरी चपराक पुढे होती. बंदूक जवळ असलेल्यांनी ती झाडली काय आणि न झाडली काय, जखमी होण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. कारणं साधी होती. वेळच मिळाला नाही, बंदूक अडकली, सेफ्टी निघाली नाही, नेम चुकला, आपलाच माणूस मधे होता.

हे दोन आकडे समोरासमोर ठेवून क्रिकेटची मॅच लावू नये, हे आमच्या सरांनी वर्गात बजावलं. घटना वेगळ्या, नोंदी वेगळ्या. बंदुकीच्या नोंदी बऱ्याचदा प्रकरण चिघळलं तेव्हाच होतात. पण एक गोष्ट दोन्हीकडून दिसते. काडतुसाच्या वेगापेक्षा माणसाचा वेग कमी पडतो.

शिवाय अलास्का वगळून खालच्या सलग अमेरिकेत ग्रिझली १९७५पासून कायद्याने संरक्षित आहे. साधारण दोन हजार उरलेत. स्वतःचा जीव वाचवायला मारलं तरी चौकशी होते. मी ज्या अस्वलांचे केस पाकिटात भरते, त्यांतलंच एखादं आजोबांच्या रिव्हॉल्वरसमोर येऊ शकतं. ही गोष्ट आमच्या दोघांमध्ये कधी बोलली गेली नव्हती. पण होती.

दोन सेकंद

एका रविवारी आजोबांनी मला अंगणात उभं केलं. हातात सरावाचा डबा दिला. त्यात मिरची नसते, नुसता वायू. "ग्रिझली ताशी पन्नास किलोमीटरच्या वर पळते," ते म्हणाले. "तीस मीटरवरच्या झुडपातून निघाली तर तुला दोन सेकंद मिळतात." ते स्टॉपवॉच घेऊन बसले. म्यानातून डबा काढायचा, खटका काढायचा, दाबायचं. माझा पहिला वेळ ३.८ सेकंद. म्हणजे मी गेले. डबा मी सॅकच्या बाजूच्या कप्प्यात ठेवत होते, पाण्याच्या बाटलीशेजारी. दोन सेमिस्टर मी जंगलात तसाच घेऊन फिरले होते. तो कमरेच्या पट्ट्यावर आणला. तीसेक वेळा केल्यावर १.७वर आले. मग आजोबा म्हणाले, "आता घाबरून कर." ते मला जमलं नाही. त्यांनाही जमत नाही, म्हणाले. म्हणूनच दर रविवारी सराव.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आजोबा एल्कला गेले. धनुष्य पाठीवर, रिव्हॉल्वर छातीवर, स्प्रे कमरेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिकाम्या हाताने परत आले. बूट काढता काढता म्हणाले, "मादी होती. दोन पिल्लं. चाळीस पावलांवर." मी जागच्या जागी उभी राहिले.

"मग?"

"स्प्रे हातात घेतला, खटका काढला. हळूहळू मागे सरकत बोलत राहिलो. तिने दोनदा फुत्कार टाकला, जमीन खरवडली. मग पिल्लांना घेऊन खाली उतरली."

"आणि रिव्हॉल्वर?"

"त्याला हात गेला नाही."

मी जरा वेळ थांबून विचारलं, "मग एवढी काडतुसं, एवढा तराजू, एवढ्या रात्री कशासाठी?" मला वाटलं होतं, चिडतील. ते चहाचं पाणी ठेवत म्हणाले, "वारा माझ्या तोंडावर असता तर? डबा रिकामा झाला असता आणि ती तरी थांबली नसती तर? मग माझ्याकडे एकच गोष्ट उरली असती, आणि ती मीच भरलेली असती. तेव्हा मला शंका नको होती." मग मान वळवून विचारलं, "कुठल्या दरीत दिसली ते हवंय ना तुला?" मी वही आणली. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. पुढच्या आठवड्यात आमच्या टीमने त्या दरीच्या तोंडाशी तार लावली. केस मिळाले. त्या मादीचे की दुसऱ्या कुणाचे, ते लॅबमधून कळेल.

गॅरेजच्या दारावर आता एक कागद चिकटवलाय. 'दिवा चालू असेल तर दार उघडू नका.' खाली आजोबांच्या अक्षरात राउटरचा पासवर्डही लिहिलाय.

आपल्याकडे काय?

भारतात हे करून बघायचा विचारही करू नका. शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. शिकारीवर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार बंदी आहे. नेमबाजीची आवड असेल तर रायफल क्लबचा रस्ता आहे. कोल्हापूरची राही सरनोबत त्याच रस्त्याने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारातल्या सुवर्णपदकापर्यंत गेली. आणि मेळघाट किंवा चंद्रपूरच्या जंगलात कामाला किंवा फिरायला जाणार असाल, तर आपल्याकडचं अस्वलही दचकलं की अंगावर येतं. घोळक्याने चाला, बोलत चाला, पहाटेची आणि संध्याकाळची वेळ टाळा. याला ना परवाना लागतो, ना तराजू.